वडोदऱ्याच्या पाच आमदारांना खुले पत्र : कार्डाच्या आधी दवाखाना

प्रति,
वडोदरा शहर, सयाजीगंज, अकोटा, रावपुरा आणि मांजलपूर या मतदारसंघांतून गुजरात विधानसभेत निवडून गेलेल्या सन्माननीय सदस्यांस,

सप्रेम नमस्कार.

दांडिया बाजारात तीन पिढ्या राहिलेल्या एका मराठी कुटुंबातला मी ७२ वर्षांचा निवृत्त कर्मचारी आहे. माझी सारी नोकरी वडोदऱ्यातल्या एका औषध कारखान्याच्या निर्यात विभागात झाली आणि त्या निमित्ताने कोलंबो, ढाका आणि काठमांडू या शहरांत मला वारंवार जावे लागले. तिथली सरकारी रुग्णालये, औषधखरेदीची कार्यालये आणि खासगी इस्पितळे मी जवळून पाहिली. त्या पाहण्यातून जे मत बनले ते आपल्यापुढे मांडावे, असे गेली काही वर्षे मनात होते. हे पत्र मराठीत लिहितो आहे, कारण विचार करण्याची माझी भाषा तीच आहे. त्याची गुजराती प्रत मी आपल्या कार्यालयांत स्वतः आणून देईन.

आता लिहिण्याचे कारण असे की, आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या बैठकांत, लग्नकार्यांत आणि निवडणुकीच्या सभांत एक विचार आता जवळजवळ सर्वमान्य झालेला दिसतो. सरकारने दवाखाने चालवण्याच्या भानगडीत पडू नये, गरिबाच्या हाती विम्याचे कार्ड द्यावे आणि उपचार खासगी इस्पितळांकडून विकत घ्यावेत, असा तो विचार आहे. गुजरातमध्ये २०२३ च्या जुलैपासून या कार्डाची मर्यादा कुटुंबामागे ५ लाखांवरून १० लाख रुपये झाली. २०२४ च्या ऑक्टोबरात ७० वर्षांवरील सर्वांना उत्पन्नाची अट न ठेवता केंद्राच्या योजनेत घेतले गेले, आणि तेव्हापासून एक कार्ड माझ्याही खिशात आहे. ज्याच्या घरी हृदयविकाराचा किंवा कर्करोगाचा घाला पडला आहे, त्याला हे कार्ड म्हणजे मोठा आधार आहे. ते काढून घ्या, असे मी म्हणत नाही. मात्र कार्ड ही दवाखान्याची जागा घेऊ शकत नाही, आणि आपल्या शेजारच्या देशांनी गेल्या पाऊणशे वर्षांत जे करून पाहिले त्यातून हे पुरेसे स्पष्ट झाले आहे, असे माझे ठाम मत आहे.

आधी घरातली गोष्ट सांगतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या अक्कांचा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, न्हाणीघरात पाय घसरून खुबा मोडला. कार्ड असल्यामुळे आम्ही त्यांना योजनेच्या यादीतल्या एका खासगी इस्पितळात नेले. शस्त्रक्रिया कार्डावर होईल, परंतु कार्डात बसणारा सांधा साधा असतो, चांगला हवा असल्यास फरकाची रक्कम रोख भरा, असे तिथे सांगितले गेले. त्या क्षणी कोणता भाऊ साधा सांधा बसवा म्हणेल? रक्कम भरली. पुढे पाच महिने ड्रेसिंग, व्यायाम शिकवणारी बाई, रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या, तपासण्या असा खर्च चालू राहिला. त्यातला बहुतेक भाग कार्डाच्या बाहेरचा होता, कारण हे कार्ड मुळात दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे आणि दाखल न होता चालणाऱ्या उपचारांशी त्याचा संबंध नाही. अक्कांना रक्तदाब बारा वर्षांपासून होता. त्यांची दरमहा तपासणी करणारे, गोळ्या मोफत देणारे आणि चक्कर येते म्हटल्यावर मात्रा बदलणारे एखादे केंद्र चालत जाण्याच्या अंतरावर असते, तर कदाचित त्या पडल्याच नसत्या.

कोलंबोला मी प्रथम गेलो तो तिथल्या सरकारी औषध महामंडळाच्या निविदेसाठी. हे महामंडळ १९७१ साली स्थापन झाले आणि औषधशास्त्राचे प्राध्यापक सेनक बिबिले हे त्याचे पहिले अध्यक्ष होते. देशाला खरोखर लागणाऱ्या औषधांची यादी करायची, ती औषधे ब्रँडच्या नावाने न मागता मूळ रासायनिक नावाने मागवायची आणि साऱ्या देशासाठी एकत्र खरेदी करायची, ही त्यांची पद्धत. आमच्या कंपनीचे नाव, डब्याचा रंग, डॉक्टरांना वाटायची डायरी यांपैकी कशालाही तिथे किंमत नव्हती. सीलबंद निविदेतला दर आणि नमुन्याची चाचणी एवढेच पाहिले जाई. ज्या गोळ्या आम्ही त्यांना देत होतो, त्याच गोळ्या रावपुऱ्यातल्या दुकानात आमच्याच शेजाऱ्यांना कितीतरी महाग मिळत असत, आणि हे मला त्या वयातही खटकत असे.

त्या देशाचा एक एजंट माझा स्नेही झाला होता. त्याच्या गाडीचा चालक मधुमेही होता आणि दर महिन्याला ठरल्या दिवशी सरकारी रुग्णालयातल्या ‘क्लिनिक’ला जात असे. मी एकदा त्याच्यासोबत गेलो. पहाटेपासून रांग होती, बाके पुरत नव्हती, वॉर्डात काही रुग्ण खाली चटईवर होते. तरीही त्याच्या हातातल्या वहीत मागच्या कित्येक वर्षांच्या नोंदी होत्या, डॉक्टरांनी त्या वाचल्या, आणि महिनाभराच्या गोळ्या कागदी पुडीत घालून त्याला दिल्या. पैसे कोणी मागितले नाहीत, कार्ड कोणी पाहिले नाही, गरिबीचा दाखला कोणी विचारला नाही.

ही व्यवस्था श्रीलंका श्रीमंत होती म्हणून उभी राहिली नाही. १९३१ साली, ब्रिटिशांच्या अमलातच, तिथे सर्व प्रौढ स्त्री-पुरुषांना मताधिकार मिळाला. १९३४-३५ च्या मलेरियाच्या साथीत सुमारे ८०,००० माणसे दगावली आणि खेड्यांतल्या मतदारांनी आपल्या प्रतिनिधींकडे दवाखाना मागायला सुरुवात केली. हे वाक्य मी आपल्यासाठी मुद्दाम लिहितो आहे : श्रीलंकेतली ग्रामीण रुग्णालये आपल्या मतदारसंघात दवाखाना यावा म्हणून भांडणाऱ्या लोकप्रतिनिधींनी उभी केली. १९५१ साली सरकारी रुग्णालयांतली शुल्के रद्द झाली. खालच्या पातळीवर प्रत्येक भागाला एक आरोग्य अधिकारी आणि तीनेक हजार वस्तीमागे घरोघरी फिरणारी एक प्रशिक्षित सुईण असते. या पद्धतीची सुरुवात १९२६ साली कलुतरा येथे झाली होती. १९४० च्या दशकात तिथे एक लाख जन्मांमागे दीड हजाराहून अधिक माता दगावत असत. आज तो आकडा चाळिशीच्या खाली आहे. आपल्या देशाचा आकडा २०१८-२० या काळात ९७ होता आणि आपल्या गुजरातचा ५७. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली श्रीलंका मलेरियामुक्त झाल्याचे जाहीर केले. एवढे साधायला त्या सरकारचा आरोग्यावरचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्क्यांच्या आसपासच राहिला आहे.

यावर खासगी व्यवस्थेच्या बाजूने जे आक्षेप घेतले जातात, ते उडवून लावण्यासारखे नाहीत. श्रीलंकेत खासगी इस्पितळे आहेत आणि ती भरभराटीला आली आहेत. सरकारी डॉक्टर संध्याकाळी खासगी सेवा देतात आणि ज्याला रांग नको, डॉक्टर निवडायचा आहे, तो पैसे देऊन तिथे जातो. बाह्यरुग्णांपैकी निम्म्याच्या आसपास लोक खासगीकडे वळतात, त्यामुळे लोकांच्या खिशातून होणारा खर्चही कमी नाही. मात्र दाखल होण्याची वेळ आली की दहापैकी नऊ जण सरकारी रुग्णालयातच जातात. म्हणजे सर्दीतापासाठी माणूस आपल्या सोयीने पैसे खर्च करतो, आणि घर विकावे लागेल असे दुखणे आले की सरकार त्याच्या मागे उभे असते. आपल्याकडे २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत दाखल होणाऱ्यांपैकी ५५ टक्के खासगी इस्पितळांत गेल्याचे आढळले; बाळंतपणे वगळता एका खेपेचा सरासरी खर्च सरकारी रुग्णालयात ४,४५२ रुपये आणि खासगीत ३१,८४५ रुपये होता. खासगी व्यवस्था दोन्ही देशांत आहे. तिच्याशिवाय माणसाला दुसरी वाट उरते की नाही, एवढाच फरक आहे, आणि तो जीवनमरणाचा आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. २०२२ साली श्रीलंकेची तिजोरी रिकामी झाली तेव्हा रुग्णालयांत औषधे संपली, पेरादेणियाच्या रुग्णालयाला ठरलेल्या शस्त्रक्रिया थांबवाव्या लागल्या आणि कित्येक डॉक्टर देश सोडून गेले. पुढे निकृष्ट इम्युनोग्लोब्युलिनच्या, म्हणजे प्रतिकारशक्तीसाठी देतात त्या इंजेक्शनांच्या, खरेदीचे प्रकरण उघडकीस आले आणि ज्यांच्या आरोग्यमंत्रिपदाच्या काळात ती खरेदी झाली होती, त्या मंत्र्यांना २०२४ च्या फेब्रुवारीत अटक झाली. बिबिलेंची पद्धत ज्याने जवळून पाहिली, त्याला ही बातमी वाचून फार यातना झाल्या. सरकारी खरेदीत भ्रष्टाचार शिरू शकतो, हे मान्यच केले पाहिजे. पण तो मंत्र्यापर्यंत पोहोचून पकडता आला, कारण खरेदी एका ठिकाणी आणि कागदावर होती. हजारो इस्पितळांच्या बिलांत विखुरलेला गैरव्यवहार शोधायचा तर किती हात लागतील, याचा अनुभव आपल्या राज्याने घेतला आहे.

२०२४ च्या नोव्हेंबरात महेसाणा जिल्ह्यातल्या बोरिसणा गावी एका खासगी इस्पितळाने मोफत शिबिर भरवले, १९ गावकऱ्यांना अहमदाबादला नेले, त्यांपैकी ७ जणांची अँजिओप्लास्टी केली आणि दोघे दगावले. गरज नसताना योजनेचे पैसे मिळवण्यासाठी हे केल्याचे चौकशीत समोर आले. गुन्हे दाखल झाले, अटका झाल्या, हे योग्यच झाले. परंतु जिथे प्रत्येक शस्त्रक्रियेमागे पैसे मिळतात आणि गावात निरपेक्षपणे ‘तुम्हाला याची गरज नाही’ असे सांगणारा सरकारी डॉक्टर नसतो, तिथे असा प्रकार पुन्हा घडणार नाही, अशी हमी कोणता कायदा देईल? आपल्या शहरातल्या खासगी डॉक्टरांवर मी आरोप करत नाही. त्यांतल्या अनेकांनी आमच्या घरातली माणसे वाचवली आहेत. प्रामाणिक डॉक्टरालाही ही पद्धत वाकवते, एवढेच माझे म्हणणे आहे.

खासगी सेवा विकत घेण्याचा प्रयोग गुजरातने याआधीही केला आहे. २००५ साली बनासकांठा, साबरकांठा, पंचमहाल, दाहोद आणि कच्छ या पाच जिल्ह्यांत चिरंजीवी योजना सुरू झाली. दारिद्र्यरेषेखालच्या महिलांची बाळंतपणे खासगी स्त्रीरोगतज्ज्ञांनी मोफत करावीत आणि सरकारने त्यांना ठरावीक रक्कम द्यावी, अशी ती योजना होती. हेतू चांगला होता आणि तिचे देशाबाहेरही कौतुक झाले. पुढे २०१४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या मुखपत्रात जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात दवाखान्यातली बाळंतपणे वाढण्यावर किंवा कुटुंबाचा खर्च कमी होण्यावर या योजनेचा लक्षणीय परिणाम आढळला नाही. जिथे डॉक्टरच नाही तिथे डॉक्टरची फी भरण्याची तयारी दाखवून काय होणार?

थायलंड हा आपला समुद्रापलीकडचा शेजारी, आणि कार्डाच्या बाजूने बोलणारे त्याचे उदाहरण नेहमी देतात. तिथे २००१-०२ मध्ये ३० बाथ भरून कोणताही उपचार देणारी योजना आली आणि ती यशस्वी झाली, हे खरे आहे. मात्र त्याआधी वीस वर्षे त्या देशाने शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांचा पैसा रोखून तालुक्या-तालुक्यांत सरकारी रुग्णालये बांधली होती आणि नव्या डॉक्टरांना तिथे सक्तीने पाठवले होते. योजनेचा पैसा गेला तो प्रामुख्याने या सरकारी रुग्णालयांकडे. पाकिस्तानात खैबर पख्तुनख्वा प्रांताने सर्व नागरिकांना आरोग्य कार्ड दिले आणि २०२३ मध्ये विमा कंपनीची देणी थकल्यावर सेवा वारंवार बंद पडली. नेपाळमध्येही विम्याची थकबाकी ही रुग्णालयांची मोठी तक्रार आहे. तिथले अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. गोविंद के. सी. वैद्यकीय शिक्षणाच्या बाजारीकरणाविरुद्ध २०१२ पासून पुन:पुन्हा उपोषणाला बसले, ते काठमांडूच्या सरकारी शिक्षण रुग्णालयातले प्राध्यापक. भूतानने २००८ च्या संविधानात मोफत मूलभूत आरोग्यसेवा लिहून ठेवली आहे आणि जो उपचार देशात होत नाही त्यासाठी रुग्णाला सरकारी खर्चाने भारतात पाठवले जाते. आठ लाखांहून कमी वस्तीच्या देशाची बरोबरी आपल्याशी होणार नाही, हे मला कळते. पण वडोदऱ्याची लोकसंख्या त्याहून फार मोठी असली, तरी आपल्या शहराची ऐपतही मोठी आहे.

ढाक्याबद्दल मात्र थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण ती कथा आपल्या शहराच्या फार जवळची आहे. मुक्तिसंग्रामात जखमींसाठी रुग्णालय चालवणारे डॉ. जफरुल्ला चौधुरी यांनी १९७२ साली गणस्वास्थ्य केंद्र उभे केले, आणि त्यांच्या आग्रहामुळे १९८२ साली बांगलादेशाने राष्ट्रीय औषध धोरण आणले. निरुपयोगी किंवा घातक अशी सुमारे १,७०० औषधे बाजारातून काढली गेली, १५० आवश्यक औषधांची यादी ठरली आणि स्थानिक कारखान्यांना संरक्षण मिळाले. आज तो देश लागणारी बहुतेक औषधे स्वतः बनवतो. तरीही तिथल्या एकूण आरोग्यखर्चापैकी दोन-तृतीयांशाहून अधिक भार लोकांच्या खिशावर पडतो आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा औषधांचा असतो. औषध स्वस्तात तयार झाले, पण ते सरकारी खिडकीतून रुग्णाच्या हातात पडण्याची व्यवस्था पुरेशी झाली नाही.

वडोदऱ्यात वेगळे काय आहे? १९०७ साली गज्जर, कोटीभास्कर आणि अमीन यांनी इथे औषधे बनवणाऱ्या अ‍ॅलेम्बिकचा पाया घातला. पुढे साराभाई केमिकल्स आली. आणि १९८३ पासून लोकॉस्ट ही संस्था याच शहरातून दर्जेदार औषधे रास्त दरात बनवून देशभरच्या सेवाभावी दवाखान्यांना पुरवते आहे. औषधाची खरी किंमत किती असते आणि दुकानात ती किती होते, हे या शहराइतके क्वचितच कुठे ठाऊक असेल. अशा शहरात सरकारी रुग्णालयातून बाहेर पडणाऱ्या नातेवाइकाच्या हातात ‘हे बाहेरून आणा’ अशी चिठ्ठी दिसते, तेव्हा औषध उद्योगात आयुष्य घालवलेल्या माणसाला मान खाली घालावी लागते.

सर्वांना उपचार हा विचारही परका नाही. नाशिकला जन्मलेले सर जोसेफ भोर यांच्या आरोग्यविषयक सरकारी समितीने १९४६ सालीच सांगितले होते की, पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही पुरेशा उपचारांवाचून राहता कामा नये. श्रीलंकेने जवळपास त्याच वर्षांत जे ठरवले ते केले. आपण अहवाल ठेवून दिला. आणि आपल्या शहराची परंपरा तर त्याहून जुनी आहे. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेलीत आणि १९०६ साली साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, तेव्हा त्यांनी रयतेला पैसे देऊन शिक्षक शोधायला पाठवले नाही. गावोगाव शाळा उघडल्या, शिक्षक नेमले आणि त्यांच्यावर तपासनीस ठेवले. दवाखान्यांच्या बाबतीत तेच करणे आज अशक्य आहे, असे मला वाटत नाही. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका गुजरातमध्ये २००७ पासून धावते आणि त्याच धर्तीची १९९० या क्रमांकाची सेवा भारताच्या अनुदानातून २०१६ साली श्रीलंकेत सुरू झाली. रुग्णाला दारापर्यंत नेण्याची विद्या आपण शेजाऱ्याला दिली. त्या दारामागे काय असावे, हे त्याच्याकडून शिकण्यात कमीपणा नाही.

राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.५ टक्के करण्याचे २०१७ सालीच ठरवले होते. २०२१-२२ मध्ये, महासाथीचा खर्च धरूनही, तो १.८४ टक्के होता. म्हणून येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनात आपण पाचही जणांनी, पक्ष बाजूला ठेवून, आरोग्य विभागाला विचारावे : कार्डाखाली दिल्या गेलेल्या रकमेपैकी किती रक्कम खासगी इस्पितळांकडे गेली आणि किती सयाजी रुग्णालय, गोत्री रुग्णालय व राज्यातल्या इतर सरकारी रुग्णालयांकडे आली, शहरातल्या नागरी आरोग्य केंद्रांत मंजूर पदांपैकी डॉक्टरांची, परिचारिकांची आणि औषधनिर्मात्यांची किती पदे आज भरलेली आहेत, आणि आवश्यक औषधांच्या यादीतली कोणती औषधे गेल्या वर्षात किती दिवस संपलेली होती. ही उत्तरे महानगरपालिकेच्या प्रत्येक प्रभागात फलकावर लागावीत. त्यानंतर कार्डाची मर्यादा वाढवण्याचा प्रस्ताव येईल तेव्हा, आधी प्रत्येक नागरी केंद्रात संध्याकाळची ओपीडी आणि रक्तदाब-मधुमेहाच्या महिनाभराच्या गोळ्या द्या, असा आग्रह आपण धरावा. २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्रीचे पाणी ओसरले, तेव्हा आमच्या गल्लीत क्लोरीनच्या गोळ्या घेऊन जी ताई चिखलातून आली ती अशाच केंद्रातली होती, आणि तिचे मानधन वेळेवर होते का, हेही कृपया विचारावे.

आपल्यापैकी ज्यांना शक्य असेल त्यांनी एखाद्या सोमवारी सकाळी साडेआठला, गाडी आणि कार्यकर्ते मागे ठेवून, सरकारी ओपीडीतल्या औषधाच्या खिडकीसमोरच्या रांगेत तासभर उभे राहावे, अशी माझी विनंती आहे. दिवस कळवल्यास मी सोबत येईन. अक्काही येतो म्हणाल्या आहेत. त्यांना फार वेळ उभे राहता येत नाही, तेवढी एक खुर्ची लागेल.

आपला विश्वासू,
दांडिया बाजार, वडोदरा येथील एक मतदार